वायर दिसता कामा नये

तुमी कुठल्याबी ऑफिसात जावा आन् नुसतं वरनं बघा. काच, गुळगुळीत सनमायका, फुलदाणी, गारगार एसी. आता जरा वाकून टेबलाच्या पोटात बघा. बघवायचं न्हाई तुमच्यानं. मी बघते, रोज बघते, कारण झाडलोट हे माजं काम हाय. माजं नाव साळूबाई. राहते कुपवाडात, कामाला विश्रामबागेत, नानासोंच्या बेदाण्याच्या ऑफिसात. आन् खरं सांगते, माणसाची घाण बघायची झाली तर संडास बघू नका, टेबल बघा. संडास निदान घाण हाय म्हणून कबूल तरी हुतो.

पर मला सांगायचंय ते रामगोंडाअण्णाचं. ही टेबलं तेनं केली. त्या माणसाची मला आजबी कीव येती, रागबी येतो, आन् एकेदा वाटतं, त्या समद्या ऑफिसात माणूस म्हणावा असा त्यो एकच निघाला.

अण्णा समडोळीकडचा, जैन शेतकऱ्याचा लेक. कुपवाडच्या एमआयडीसीत तेचं पत्र्याचं शेड. उंच, वाळका, अंगात पांढरा हाफ शर्ट, कानावर पेन्सिल. पायात रबरी चप्पल, चामडं कधी घातलं न्हाई. दिवस बुडायच्या आत जेवणार म्हंजे जेवणारच. तेची बायको आक्काताई डबा भरून द्यायची, त्यात कांदा न्हाई, लसूण न्हाई, बटाटा न्हाई. पाणीबी घरनं, फडक्यानं गाळलेलं. ऑफिसात टेबलं बसवायला आला तवा पहिल्याच दिवशी मी तेला तांब्या नेऊन दिला, तर हात जोडून म्हणाला, "राग मानू नका साळूबाई, माजं मी आणलंय."

मला राग आलाच. मी म्हणलं, "का? माज्या पाण्यात किडं हायत व्हय?"

"असतील तर त्येंच्यासाठीच म्हणतोय," म्हणाला. आता ह्याला काय बोलायचं!

नानासो म्हंजे ऑफिसाचं मालक. जुन्या ऑफिसात वायरींचा नुसता गुंता हुता, पायात अडकून माणसं पडायची. म्हणून नव्या जागेत त्येंचा हुकूम एकच, "वायर दिसता कामा नये." दिल्लीचं व्यापारी येत्यात, त्येंच्यापुढं शोभा पायजे. मग अण्णानं तशी टेबलं केली. टेबलावर हाताएवढं झाकण. ते उचलायचं, वायर आत सोडायची, झाकण लावायचं. खाली पत्र्याची लांब पन्हाळी, त्यातनं समद्या वायरी भिंतीपतूर. पन्हाळीवर फळी, स्क्रूनं आवळलेली. बघणाऱ्याला वाटावं, ह्येंची कॉम्प्युटरं वाऱ्यावर चालत्यात.

अण्णाची काम करायची तऱ्हा बघून मला हसू यायचं. दुसरा फिटर असता तर फळी ठोकून मोकळा झाला असता. ह्याच्याजवळ लोकरीचा मऊ कुंचा. फळी आवळायच्या आधी पन्हाळीतनं त्यो कुंचा हळूहळू फिरवायचा आन् लेकरांशी बोलल्यागत बोलायचा, "या बाबांनू भाईर, आता दार लागणार." एक कोळी निघाला तर तेला कागदावर घेऊन अंगणात सोडून आला. मी म्हणलं, "आवं अण्णा, ह्या हिशोबानं दिवाळी येईल की!" तर नुसता हसला.

आन् एवढं करून तेचं समाधान व्हायचं न्हाई. परत्येक पन्हाळीच्या टोकाला, भिंतीकडच्या बाजूला, तेनं एक भोक ठेवलं. नानासोंनी इचारलं, "रामगोंडा, हे कशाला?"

"एखादा जीव आत ऱ्हायला तर तेला वाट पायजे, नानासो. कोंडून मारल्याचं पाप नको आपल्याला."

नानासोबी जैन, रोज देवळात जाणारं. ह्यावर काय बोलणार? मान डोलावली त्येंनी. आन् तिथंच सगळं चुकलं बघा. भाईर जायची वाट म्हंजे आत यायचीबी वाट असती, हे अण्णाच्या डोक्यातच आलं न्हाई. आन् ऑफिस कशाचं? बेदाण्याचं! टेबलाटेबलावर नमुन्याच्या पिशव्या, गोड वास. मुंग्या आल्या, मागनं झुरळं आली, झुरळांमागनं उंदरं आली. समद्यांना अण्णानं दार उघडं ठेवलेलं.

बरं, उंदरांना काय म्हणायचं? ती उंदरंच हायत. माणसांचं सांगते. ती वरची झाकणं वायरीसाठी हुती, तर ह्या शिकल्यासवरल्या मेल्यांनी त्येंचा उकिरडा केला. कचऱ्याचा डबा पायाशी, पर वाकून टाकायला कंबर मोडती ह्येंची. झाकण उचलायचं आन् आत ढकलायचं. चहाचे कप, बेदाण्याची देठं, गुटख्याच्या पुड्या. एक बाई तर विंचरलेलं केस टाकायची. एकजण नखं कापून टाकायचा. नाक पुसलेलं कागद! शी! वर टेबल आरशावाणी चकाचक, आन् मला म्हणणार, "साळूबाई, नीट पुसा हं." स्क्रूच्या फळीमागं माजा हात जायचा न्हाई, न्हाईतर एकेकाचं एकेकाच्या टाळक्यावर ओतलं असतं.

ह्या समद्यात वरचढ नानासोंचा धाकटा लेक. अतिशय हे तेचं नाव हाय बरं का, आन् नावाला जागणारं पोरगं. पुण्यात शिकून आलेला. कोपऱ्यातलं मोठं टेबल तेचं. ऑफिसाचा नियम असा, की आत अंडंसुद्धा आणायचं न्हाई. त्यात माजी काय तक्रार न्हाई, त्येंचं ऑफिस, त्येंचा धरम. पर दुपारी नानासो जेवायला घरी गेलं की मॅनेजर वीरधवल गपचिप पार्सल आणायचा, आन् दोघं कोंबडी हाणायची. डब्यात हाडं टाकली तर बापाला दिसतील. मग चांदीच्या कागदात गुंडाळायची, झाकण उचलायचं, आत.

आता खाण्याचं म्हणाल तर आमीबी खातो. बिरोबाच्या जत्रंला आमच्या दारात चूल पेटती, उघड्यावर खातो, हाडं कुत्र्यापुढं टाकतो, लाजत न्हाई. खाण्यात काय घाण न्हाई. पर बापापुढं कपाळाला गंध लावून बसायचं आन् मांडीखाली हाडं कुजवायची, ह्याची मला मळमळ येती.

एका दुपारी अण्णा नवीन प्लग बसवायला आलेला. मी फरशी पुसत हुते. अतिशयनं आमच्या दोघांदेखत झाकण उचललं आन् पुडकं आत दाबलं. बोटं चाटली वर! मी अण्णाकडं बघितलं. अण्णानं मान खाली घातली. भाईर आल्यावर म्हणाला, "बघितलं न्हाई असं समजा साळूबाई. बापलेकांत आपण कशाला?" कोळ्याला कागदावरनं अंगणात नेणारा माणूस, आन् खरं बोलायचं म्हणलं की ह्याची जीभ टाळ्याला चिकटती. लय किळस आली मला तेची त्या दिवशी.

मग उन्हाळा आला आन् वास सुटला. आधी थोडा, मग असा की पोटातलं भाईर यावं. बाया अत्तर मारायच्या, वीरधवल उदबत्त्या लावायचा, नानासो मला म्हणायचं, "फिनेल जास्त टाका." मी सांगून थकले, "आवं, फरशीला न्हाई वास, टेबलात हाय!" कुणी ऐकलं न्हाई. टेबल उघडायचं म्हंजे आपण काय घातलंय ते दिसणार, मग कोण उघडू देतोय! गुलाबाच्या अत्तराखाली सडका वास म्हंजे काय असतं ते त्या ऑफिसात बसल्याशिवाय कळायचं न्हाई.

शेवटी ऐन सौद्याच्या दिवशी वायरीनं ठिणगी टाकली, समदी कॉम्प्युटरं बंद. आन् भाजल्याचा वास. उंदीर वायर कुरतडताना आतच भाजला हुता. नानासोंनी अण्णाला बोलावून घेतला.

अण्णानं फळ्या काढायला सुरुवात केली आन् एकेका टेबलाचं पोट फुटल्यागत झालं. कप, केस, पुड्या, लेंड्या, बेदाण्याचा काळा चिकट लगदा, त्यात वळवळणारं काय काय. ज्यांनी घातलं तीच माणसं नाकाला रुमाल लावून लांब उभी, "ईऽऽ" करत! जसं काय शेजाऱ्यानं आणून टाकलंय. मी सुपलीनं भरत हुते. मग अण्णानं अतिशयच्या टेबलाची फळी काढली, आन् चांदीच्या कागदाची पुडकी घसरून भाईर आली. एक फुटलं. हाडं फरशीवर पसरली.

नानासो दाराशी रुमाल लावून उभं हुतं. त्येंनी णमोकार मंत्र म्हणला, तोंड फिरवलं आन् इचारलं, "कुणी केलं हे?"

अतिशय कॉम्प्युटरच्या बंद पडद्याकडं बघतोय, जसं काय आत सिनेमा लागलाय. आन् तवा त्यो वीरधवल, स्वतः कोंबडी आणून देणारा, त्यो म्हणतो कसा, "सकाळी साळूबाई एकट्याच असतात ऑफिसात."

समद्या माना माज्याकडं वळल्या. माज्या अंगाची आग आग झाली. मी सुपली आपटली आन् म्हणलं, "मुडदा बशिवला तुजा! मी हाडं हितं आणून का घालू? माज्या घराला उकिरडा न्हाई व्हय?"

नानासो माज्याकडं न बघता म्हणालं, "साळूबाई, उद्यापासून येऊ नका."

तुमाला वाटंल, नोकरीचं काय, दुसरी मिळंल. न्हाई मिळत. विश्रामबागेतल्या जैनांच्या दोन घरात मी तवा भांडी घासत हुते. तिथं चुलीपतूर माजा हात हुता. साळूबाईनं हाडं टाकली, एवढं एक वाक्य भाईर गेलं की कोण मला उंबऱ्याच्या आत घेईल? चोरी केली म्हणलं असतं तर निस्तरलं असतं. हे निस्तरणारं न्हवतं. माज्या नावाचाच सवाल हुता. पोराचं नाव मी घेतलं असतं, तर मालकाच्या लेकापुढं झाडणारीचं कोण ऐकणार? मी अण्णाकडं बघितलं. तेनं त्या दुपारी बघितलं हुतं. आता तरी तोंड उघड बाबा, असं मनात म्हणलं.

अण्णा खाली बसलेला. हातातला कुंचा बाजूला ठेवला आन् उठला. म्हणाला, "नानासो, थांबा. तिचं काय न्हाई ह्यात. उंदरानं आणली ही, मागच्या उकिरड्यावरनं. म्या भोक ठेवलं, त्यातनं आली. चूक माजी हाय."

उंदीर! चांदीच्या कागदात गुंडाळून, नीट घडी घालून! कागद समद्यांच्या पायाशी पडलेला. पर जेची तेची नजर वर, छताकडं. अतिशयनं तर सुस्कारा सोडला आन् वर म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो, ते भोक नको." तोंडात शेण घालावं असं वाटलं तेच्या. नानासोंनी मात्र अण्णाकडं लय वेळ बघितलं. रामगोंडा जन्मात खोटं बोलत न्हाई हे उभ्या सांगलीला ठावं. म्हणालं, "ठीक आहे. भोकं बुजवून टाक. साळूबाई, तुम्ही या उद्या." मला वाटलं, म्हाताऱ्याला पटलं. तोंड फिरवून उभं हुतं, कागद दिसला नसंल.

संध्याकाळी अण्णा भोकांवर पत्रं ठोकत हुता. मी तेच्यापुढं जाऊन उभी ऱ्हायले. "आवं अण्णा, खरं का न्हाई बोलला?"

"खरं बोललो असतो तर पोराला बापानं घराभाईर काढला असता. तुमची नोकरी ऱ्हायली न्हवं?"

"नोकरी ऱ्हायली. पर साळूबाईनं केलं न्हाई, असं कोण म्हणालं? उंदरानं केलं म्हणालात तुमी. उंदरावर कोण इश्वास ठेवतंय?"

तेनं पुढचा पत्रा उचलला आन् ठोकाया लागला. दुसऱ्या दिवशी खोट्याचं प्रायश्चित्त म्हणून उपास धरला म्हणं. मला आणखीनच राग आला. ह्यो उपास करणार, आन् माजं नाव तसंच आंबत पडणार.

आन् तसंच झालं. महिन्याभरात एका घरातली काकू म्हणाली, "साळूबाई, तुम्ही आता बाहेरचं अंगण तेवढं झाडा." दुसरीनं भांडी मोरीतनं काढून मागच्या नळावर ठेवली. तोंडानं कुणी काय बोललं न्हाई. बोलायचं न्हाई, दाखवायचं न्हाई, झाकण लावायचं, हीच त्या समद्यांची रीत. माजी एकच इच्छा ऱ्हायली. कुणीतरी एकदा, चारचौघांत, एवढंच म्हणावं की हे साळूबाईनं केलं न्हाई.

हिकडं अण्णाचं नशीब उघडलं म्हणून लोक बोलाया लागली. नानासोंच्या वळखीनं तेला पाचगणीच्या एका निवासी शाळंचं काम मिळालं, कॉम्प्युटरच्या खोल्यांची समदी टेबलं. एवढी चूक करूनबी काम दिलं, नानासोंचं मन लय मोठं, असं आक्काताई मला देवळाभाईर भेटली तवा डोळं पुसत म्हणाली. मलाबी तसंच वाटलं.

भादव्यात जैनांचं दशलक्षण पर्व असतं. उपास, पूजा, आन् ते संपलं की क्षमावाणी. लहानथोर एकमेकांपुढं हात जोडत्यात आन् म्हणत्यात, वर्षभरात कळत नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा. मालक नोकरापुढं जोडतो, सासू सुनंपुढं जोडती. खोटं कशाला बोलू, मला ती रीत आवडायची.

त्या दिवशी ऑफिसात पेढं हुतं. अण्णा पाचगणीहून आलेला. गालफडं बसलेली, शर्ट अंगावर लोंबत हुता. आला तो थेट मधोमध उभा ऱ्हायला आन् मोठ्यानं म्हणाला, "नानासो, उन्हाळ्यात म्या तुमच्याशी खोटं बोललो. हाडं उंदरानं आणली न्हवती. आन् साळूबाईनंबी टाकली न्हवती. कुणी टाकली ते जेचं तेनं सांगावं, त्यो माजा अधिकार न्हाई. पर तिनं टाकली न्हवती. माज्या खोट्यापायी तिचं नाव खराब झालं. क्षमा करा." मग माज्याकडं वळला आन् वाकून हात जोडलं.

माज्या डोळ्यांत पाणीच आलं. बोलला शेवटी माणूस! इतकं दिवस तेची किळस केली, ती समदी उतरली. मी म्हणलं, "तुमाला क्षमा हाय अण्णा, हजार वेळा हाय."

वीरधवलच्या हातातला पेढा तसाच. अतिशय मान खाली घालून मोबाईल चोळतोय. आन् नानासो? नानासो हसलं. पुढं येऊन अण्णाच्या खांद्यावर हात ठेवला आन् मायेनं म्हणालं, "अरे रामगोंडा, एवढं मनाला लावून घेतलंस? मला त्याच दिवशी माहीत होतं. आमचं पोरगं काय करतं हे मला कळत नाही होय? घराची अब्रू राखलीस तू. म्हणून तर पाचगणीचं काम तुला दिलं."

अण्णाचा चेहरा पांढराफटक पडला. तेला वाटलेलं, आपल्या चुकीला क्षमा मिळाली. ती क्षमा न्हवती, खोट्याची मजुरी हुती. पुढच्या आठवड्यात तेनं ते काम परत केलं, आक्काताई रडली तरी केलं. पर त्या घडीला माजं तेच्याकडं ध्यान न्हवतं. माज्या कानात एकच वाक्य घुमत हुतं. त्याच दिवशी माहीत हुतं. म्हंजे 'उद्यापासून येऊ नका' म्हणताना माहीत हुतं. मी आपली म्हाताऱ्याला भोळा समजत हुते. टेबलाच्या पोटातला समदा लगदा एकदम नाकात भरल्यागत झालं मला.

नानासो एकेकापुढं हात जोडत पुढं सरकलं. बायांपुढं, वीरधवलपुढं, मग माज्यापुढं आलं. हात जोडलं, डोळं मिटलं, "साळूबाई, वर्षभरात कळत नकळत काही चुकलं असेल तर..."

"थांबा," मी म्हणलं. "नकळत झालं असंल तर क्षमा हाय. कळून केलं असंल तर न्हाई. ह्यातलं कुठलं, तेवढं सांगा."

त्येंनी डोळं उघडलं. जोडलेलं हात तसंच घेऊन माज्यावरनं पुढं निघून गेलं.

अजून सांगितलेलं न्हाई. रोज सकाळी त्येंचं टेबल पुसायला जाते तवा त्येंच्या तोंडाकडं बघून इचारते, "कळत का नकळत, नानासो?" मला काढून टाकायची छाती न्हाई त्येंची, आन् उत्तर द्यायचीबी न्हाई.